ड्रिप

डेट्रॉइटच्या इस्पितळात, सहाव्या मजल्यावर,
ओटिस प्रुइट पलंगावरही हॅट काढत नाही.
नर्स म्हणते, डोक्याला जरा हवा लागू दे.
तो म्हणतो, हवेला सांग, आधी वेळ घेऊन ये.

एकोणीसशे सेहेचाळीस. ट्रॉम्बोन, रुंद खांद्यांचा कोट,
आणि तोंडात सदा एकच शब्द: 'हेप'.
टोलेडोत चार महिने वाजवून परतला
तर इथं सगळे 'हिप' म्हणत होते.
एका स्वराचा फरक.
बँडवाल्याला तो कळायला नको?
दारावरच्या पोऱ्यानंसुद्धा तोंड फिरवलं,
हसू लपवायला.

पुढचं त्यानं मोजलं नाही.
'ग्रूव्ही' मुलीनं आणला, तिच्याबरोबरच घराबाहेर गेला.
'फ्लाय', 'फ्रेश', आणखी कितीक,
आले तेव्हा कडक इस्त्रीचे, गेले तेव्हा पायपुसणी.
'कूल' तेवढा राहिला,
भाडं न देणारा भाडेकरू,
त्याला हाकलायचं कुणाला सुचलंच नाही.

आज पणतू आला. टेव्हिन, वय पंधरा.
दारातच थबकला, हॅट बघून म्हणाला,
"पणजोबा, काय ड्रिप आहे!"

ओटिसनं वर पाहिलं, टांगलेल्या बाटलीकडे.
"मिठाचं पाणी आहे रे नुसतं."

पोरगा हसत सुटला. मग कडेला बसून
नीट समजावून सांगू लागला.
ओटिस ऐकत होता, चांगला कान पुढे करून,
नवखा वादक पट्टी विचारतो तसा.

संध्याकाळी नर्स आली.
सुईचा हात जपत त्यानं हॅट
डाव्या भुवईवर बोटभर ओढली.
"ड्रिप," म्हणाला.
"हो," ती म्हणाली, "तीच बदलतेय."