पहिलं पाणी

मंडईच्या मागल्या अंगाला, रिक्षा वळतात तिथे
पोतं अंथरून चांगुणा हिलम.
वेल्ह्याहून पहिल्या एस्टीनं आलेली.
"भारंगी. वीसला जुडी."
"दोन द्या. देठं राहू द्या तशीच."
तिनं वर बघितलं. "भाजीला, का औषधाला?"
"तपासायला."

सावलीत वाळवली. दळली.
मिथेनॉलात रात्रभर भिजवली.
जांभळ्या द्रावणात तिचा अर्क सोडला
आणि जांभळा उतरत गेला,
अर्ध्या तासात हळदीचं हात धुतलेलं पाणी.
परचुरे मॅडम चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या,
"पालकाला मागे टाकलं की गं हिनं!"
मी आकडा लिहिला.
शेजारी लोहाचा रकाना, कॅल्शियमचा.

बुधवारी तिला सांगायला गेले.
निमूट ऐकलं तिनं, मग विचारलं,
"पानी किती येळा काढलं?"
"नाही काढलं. कच्चीच घेतली…"
"कच्ची कोन खातं, बाई?
दोनदा उकडायची, मुठीत पिळायची,
मग वाल, लसूण, मिरची."
आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

ओतून दिलेल्या पाण्याला
माझ्या वहीत रकानाच नव्हता.

उरलेली जुडी कोथरूडला नेली.
गॅसवर पातेलं, खिडकीत मेट्रोचा आवाज,
पिळताना बोटांच्या बेचक्यांत हिरवं.
पहिलं पाणी बेसिनमध्ये ओतवेना.
घोटभर प्यायले.
कडू. कानामागे जाऊन बसणारं कडू.
बाकीचं बाटलीत भरलं, झाकण घट्ट,
वर चिठ्ठी चिकटवली:
भारंगी. पहिलं पाणी.
पद्धत: चांगुणा हिलम, वेल्हे.