सप्टेंबरातले खड्डे

बर्फ पडायच्या आत दोन खड्डे खणून ठेवतो आम्ही,
दरवर्षी, टेकडीवर, बर्चच्या झाडांखाली.
नंतर जमीन कुदळीला दाद देत नाही
थेट मे उजाडेपर्यंत.

गावात माणसं एकोणीस.
एके काळी नऊशे होती म्हणतात, तंबूंत, चिखलात,
तीन गुत्ते, एक न्हावी, तोच दात उपटणारा.
याच जमिनीवर ती रात्रभर लाकडं जाळत,
सकाळी वितळलेली वीतभर माती उपसत,
पुन्हा जाळ, पुन्हा वीत.
सोनं सात वर्षांत आटलं.
जाळ करायची रीत तेवढी मागे राहिली.

खड्डे कोणाचे, हे कोणी बोलत नाही.
पण त्या आठवड्यात जेवायला जमलो की
सगळ्यांचे कान आर्व्हिडच्या खोकल्याकडे,
आणि हुल्डा मुद्दाम दुसऱ्यांदा बटाटे वाढून घेते,
"बघा, भूक आहे मला."
यूला पीटर हसते नुसती. तिची माणसं इथे
सोन्याच्या कितीतरी आधीपासून.
तिच्या आजीच्या बोलीत या ओढ्याचं नाव
'मासे दम खातात ती जागा'.
नकाशावर आहे: दावा क्रमांक चौदा.

मी मापं घेत नाही. सहा फूट, सरसकट.
एकदा आर्व्हिडच म्हणाला,
"एक जरा लांब खण गं, पाय दुमडून झोप लागत नाही मला."
खणला.
त्याला झाले चार हिवाळे. दरवर्षी एक लांबच खणते.

यंदा पारा उणे पन्नासला जाऊन बसला.
सतरा दिवस विमान नाही. पीठ संपलं,
बॅटऱ्या संपल्या,
आर्व्हिडचा खोकला काही संपला नाही.
मग एका रात्री ओढ्यावरचं बर्फ फुटलं, बंदुकीसारखं,
आणि सकाळी आम्ही डोकी मोजली.
एकोणीस.

फावडं घेऊन बुजवायला वर गेले, तर
लांब खड्ड्यात मूसचं पिल्लू,
पोटापर्यंत बर्फाच्या पाण्यात, कान पाडून.
आई झाडांमागे फुरफुरत. दोनदा अंगावर आली.
मग दोर, फळ्या, शिव्या, हुल्डाची चांगली चादर,
अख्खं गाव गुडघाभर चिखलात, वाकून,
जणू तळाशी काही चमकलंय.

काठावर, उलट्या बादलीवर बसून
आर्व्हिड हुकूम सोडत होता, खोकत:
"कडा ढासळू देऊ नका रे,
जागा माझी आहे ती."