हीटर लाव

साकळीच्या पुढे काटा लाल रेघेला टेकला
तेव्हा साडेनऊ वाजले होते,
आणि मागच्या सीटवर लसींची निळी पेटी
दोन ते आठ अंशांच्या मधे
श्वास धरून बसली होती.

नवा रेडिएटर मीच बसवलेला. काल रात्री,
मोबाइलच्या उजेडात, चार बोल्ट, दोन क्लिपा,
हिरवं पाणी काठोकाठ.
झाकण लावताना स्वतःवर खूश होतो,
हे कुणाला सांगू नका.

रुबाब तडवी मोपेडवरून आला,
पायाशी पान्यांची पिशवी, कानाला गमछा.
मी झाकणाकडे हात नेला तर ओरडला,
"भाजून घ्याचं हाये का भो?
थंडी होऊ दे पह्यले."

मग पाऊण तास काहीच घडलं नाही.
अर्धं काम म्हणजे नुसतं बसणं,
हे मला कोणी शिकवलं नव्हतं.
पेटी उतरवून निंबाखाली ठेवली,
भोवती ओलं पोतं. आत थर्मामीटर: चार.
जमना पावराचा फोन, बाया आल्या, पोरं रडतात, कुठे आहात?
म्हटलं, गाडीत हवा अडकली.
ती म्हणाली, पंक्चर?
म्हटलं, नाही, आत. पाण्यात.
तिला ते पटलं नाही.
मला तरी कुठे पटलं होतं.

"तू पानी भरलं," रुबाब म्हणाला,
"पन हवेले जायाले वाट नाही ठेवली.
मंग ती बसली वरच्या वळनात,
पाव्हन्यावानी."

या सपाट मुलखात चढ म्हणजे
कालव्याचा भराव, तेवढाच.
केळीतून दोघं बोलावले, चौघांनी ढकलली,
चाकांमागे दगड,
गाडीचं नाक सातपुड्याकडे.
पाण्याची बाटली कापून नरसाळं केलं,
वरच्या पाइपावरचा पितळी स्क्रू दोन आटे सैल,
इंजिन चालू.
आणि मग तो म्हणाला,
"हीटर लाव."

मी ऐकलंच नाही असं केलं.
बाहेर चव्वेचाळीस.

"हीटर लाव. फुल."

सात वर्षांत त्या बटणाला माझं बोट लागलं नव्हतं.
फिरवलं तशी कुठल्याशा हिवाळ्यातली धूळ
तोंडावर आली, वाळक्या पाल्याचा वास,
आणि मग वारा, कोमट,
लग्नात उरलेल्या चहासारखा.
"कोमट येतंय," मी म्हणालो.
"म्हंजे हाये अजून आत."

तो पाइप दाबायचा, सोडायचा,
दूध काढतात तसा नाही, त्याहून हळू,
पाजून झालेल्या बाळाला खांद्यावर घेऊन
पाठ थोपटतात तसा.
नरसाळ्यात एक बुडबुडा.
मग बराच वेळ काही नाही. एक ट्रक गेला.
मग तीन.
मग एक मोठा, निलाजरा ढेकर,
आणि हिरवं पाणी गटकन वीतभर खाली.
"हां," रुबाब म्हणाला. एवढंच.

पुन्हा ओतलं. स्क्रूतून आधी थुंकी,
मग फेस, मग सलग धार.
त्याने आवळला,
आणि माझ्या पायांवर भट्टी उघडली.
भर मे महिन्यात मी गरम वाऱ्याला
"आली, आली" म्हणून हाका मारत होतो,
शर्ट पाठीला चिकटलेला,
आणि केळीतले दोघं हसत होते.

पंखा लागला. थांबला. पुन्हा लागला.
दोन्ही वेळा त्याने डोळे मिटून ऐकला.
खालच्या पाइपाला हात लावून पाहिला, तोही तापला होता.
"दोनशे दे. आन् सकायी, थंडी असतानी,
झाकन उघडून पाय. अजून घेईन थोडं."

पेटीत सहा.

किनगावच्या फाट्यापर्यंत काटा मध्यावर,
जागचा हलला नाही.
पेटीसाठी काचा खाली करायला वळलो
तेव्हा लक्षात आलं,
हीटर बंद करायचं राहूनच गेलंय.

सकाळी झाकण उघडलं.
अर्धा पेला घेतलं तिने,
आवाज न करता.