लादीवरची वाळू

फादर आठवड्यातून दोनदा येतात, शिरोड्याहून, स्कूटरवर.
बाकीचे दिवस हे कपेल माझं –
घंटेचा दोर, वातींचा डबा,
मेणाचे ओघळ खरवडायची बोथट सुरी,
आणि लादी.
लादीबद्दल मी थोडा मिजासखोर आहे, कबूल करतो.
सोडणाने घासतो, गोड्या पाण्याने दोनदा पुसतो.
वेदीपुढे गुडघे टेकून खाली बघितलं
तर क्रूस उलटा दिसतो तिच्यात,
विहिरीत दिसावा तसा.

आपोलीन येते तिन्हीसांजेला, मासळी विकून.
टोपली बाहेर, चाफ्याखाली, उपडी.
पाय धुते, नाही असं नाही,
पण त्या टाचांच्या भेगांत अख्खा किनारा राहतो.
दारापासून शेवटच्या बाकड्यापर्यंत
वाळूची एक बारीक वाट.
ती गेली की मी ती झाडतो, रोज,
आणि झाडताना मनात येतं,
बरं झालं देवा, आपण असे नाही.

एकदा बाकड्याच्या पाठीवर खवला सापडला.
नखाने निघेना.
दुसऱ्या दिवशी बोट ठेवून दाखवला तिला.
ओशाळली नाही. पदराचं टोक थुंकीने ओलं केलं,
पुसत पुसत म्हणाली,
"माका प्रार्थना येणा नाय रे, कायतान.
मी आपली हयसर बसतंय.
तेका दिसतंय मगे?"

मला येते.
रोजरी तोंडपाठ, लॅटिनचे दोन तुकडेसुद्धा, आजोबांकडून आलेले.
फक्त क्षमेच्या त्या ओळीपाशी
गेली अकरा वर्षं
मला काहीतरी काम आठवतं –
वात सरळ करायची, खिडकीचा आकडा लावायचा,
एकदा तर नसलेलं वटवाघूळ हाकललं.
दर दहा मण्यांनी ती ओळ येते.
मागे लोक म्हणत राहतात,
मी पुढच्या ओळीला येऊन मिळतो.

अकरा वर्षं म्हणजे गडगा.
पलीकडे भाऊ, जुझे. अलीकडे मी.
मधे सात थर चिरे
आणि एका फणसाचा हिशेब,
जो फणस वाळवीने केव्हाच खाल्ला.

परवा आपोलीनने उरलेल्या तिसऱ्या दिल्या, पानात बांधून.
पैसे घेईना.
वर शिकवलंसुद्धा – मला,
बासष्ट वर्षं समुद्र खाल्लेल्याला –
"उकळल्यार जी उघडणा नाय ती टाक.
ती आधीच मेलेली."

रात्री चुलीपुढे उकिडवा बसलो.
एकेक तिसरी तोंड उघडत गेली, टक्, टक्.
एक राहिली.
पाणी आटलं तरी राहिली.
पळीत घेऊन किती वेळ बघत होतो.
पाठीवरच्या रेघा मोजल्या.
अकरा नव्हत्या.
उगाच मोजल्या.

काल पुढे गेलोच नाही.
शेवटच्या बाकड्यावर, आपोलीनपासून हातभर दूर.
बांगड्याचा वास, मेणाचा वास, खाडीवरचा वारा,
समोर माझी लादी, इथून बघितली तर
नुसतीच लादी.
ती ओळ आली.
उठायला काही काम नव्हतं.
ओठ हलले असं म्हणणार नाही,
खोटं कशाला बोलू, तेही इथे.
ओळ अंगावरून जाऊ दिली.
दहा मण्यांनी पुन्हा आली.
आतल्या आत एवढंच म्हटलं,
तुका दिसतंय मगे?

घरी आलो तेव्हा जुझे खोकत होता.
महिनाभर खोकतोय. मला ठाऊक आहे,
रात्री मोजत असतो मी.
गडग्यावर हात ठेवला.
चिऱ्यांत दिवसाचं ऊन होतं अजून.
"ओखद घेतलंस?"
म्हणालो खरा, पण आवाज कुणाचा
ते पटकन कळलं नाही.

खोकला थांबला.
मग पलीकडचा बल्ब लागला की विझला,
नीट सांगता येत नाही,
माडांच्या सावल्या हलल्या एवढं खरं.
मी तसाच उभा.
पायांना कपेलातली वाळू.