सहा हजारांच्या वर

रुझारच्या भाच्याने लिस्बनहून पेटाऱ्यात पाठवलेलं,
दोन वर्षं गॅरेजात झावळ्यांखाली निजलेलं
हे पिवळं, चार चाकांचं धूड.
चार वाजता म्हापशाहून गिऱ्हाईक यायचंय.
"त्याआधी तू एकदा फिरवून आण," रुझार म्हणाला,
"माझ्या गुडघ्याला आता किक झेपत नाही."

कॅनमध्ये त्याने तेल ओतलं, औषधासारखं,
माप डोळ्यांसमोर धरून:
बत्तिसाला एक.

तिसऱ्या किकला ते खोकलं.
चौथीला अख्ख्या पिसुर्ल्याला कळलं.
निळा धूर, त्यात एरंडेलाचा वास,
लहानपणी नाक दाबून पाजलेल्या चमच्याचा,
आणि तरी हवासा.

खरं सांगतो, चार हजारांपर्यंत काहीच नाही.
घशात कफ अडकल्यासारखं गुरगुरतं,
पाववाल्याची सायकलसुद्धा पुढे जाईल.
पिळायला मूठ नाही इथे,
अंगठ्याने ढकलायचा एक खटका, बस.
ढकलला.
पाच हजारांवर नुसती शंका.
सहा हजार,
आणि बसता बसता कुणीतरी खुर्ची काढून घेतली!
पत्रा फाटावा तसा आवाज,
पुढची चाकं जमिनीला विसरलेली,
हात खांद्यापासून लांब,
पोट अजून मागच्या वळणावर.

हा रस्ता मी अकरा वर्षं ओळखतो.
टिपरमध्ये दहा टन माल, दिवसाला सात खेपा.
हा चढ म्हणजे पहिला गिअर आणि एक अख्खी विडी.
आज "अरे" म्हटलं,
त्यातला "रे" वर पोचल्यावर ऐकू आला.

मोटरसायकल वळणात आपल्याबरोबर झुकते.
हे नाही झुकत.
मागच्या दोन्ही चाकांत एकच दांडा,
दोघं एकमेकांना सोडत नाहीत,
म्हणून वळायचं तर आधी घसरायचं.
आपणच आतल्या अंगाला लोंबकळायचं,
एक मांडी सीटवर, बाकीचा सगळा बाहेर,
फणसावर चढलेल्या पोरासारखं.
पहिल्या वळणाला मी घाबरलो.
दुसऱ्याला उशिरा घाबरलो.
तिसऱ्याला लाल खडी माझ्यामागे पंख्यासारखी उघडली,
आणि हेल्मेटच्या आत कोण ओरडत होतं ते,
मी नसणार. मी एक्कावन्न वर्षांचा आहे.

एक सांगायला हवं, गिऱ्हाइकालाही सांगेन:
अंगठा सोडला म्हणून हे थांबत नाही.
टिपर कसा, पाय काढला की स्वतःच रेंगाळायचा.
ह्याला तसली दया नाही.
खड्ड्याच्या काठाला सगळे ब्रेक एकदम,
धूळ माझ्या पुढे निघून पाण्यावर जाऊन बसली.

पंप बंद झाल्यापासून पाणी इथवर आलंय.
हिरवं, गुळगुळीत. एक खंड्या.
इंजिन बंद केलं, तर गरम पत्रा तडतडत राहिला.
समोर आमचा जुना रस्ता
तसाच, दोन्ही चाकोऱ्यांसकट,
पाण्यात उतरत जातो.
कुठल्या तरी वळणावर खाली
पुतू मास्तराची वजनकाट्याची खोली असेल,
भिंतीवर माझं नाव, खडूने, खेपांच्या रकान्यात.
खडू पाण्यात किती दिवस टिकतो, माहीत नाही.

रुझारने प्लग काढून उजेडात धरला.
"चॉकलेटी," म्हणाला. "बरोबर जळतंय."
म्हापशाचा गृहस्थ पांढऱ्या बुटांत आला होता.
"पोराला झेपेल? पंधरावं लागलंय."
"सवकास," रुझारने कोकणीत सुरुवात केली.
मी मध्येच म्हटलं,
"पहिलं वर्ष सहा हजारांच्या वर जाऊ देऊ नका."
त्याला वाटलं मी किंमत सांगतोय.
रुझार हसून हसून स्टुलावर बसला.

रात्री जेवताना घास तोंडाशी आणला
आणि अंगठा त्याला आत ढकलेना.
नुसता थरथरत राहिला, भाताची शितं सांडत.
सुलक्षाने पाहिलं.
"काय झालं हाताला?"
डावा हात पुढे करून मी तिला म्हटलं,
आधी तो चढ किती वेळाचा होता, आठवतंय तुला?