चार अंशांची मोकळीक

एल आल्तोत पाणी शहाऐंशीलाच उकळतं.
बटाटे त्याला भीक घालत नाहीत.
आई म्हणते, इथलं पाणी नुसतंच उतावीळ,
आवाज फार, शिजवणं कमी.

सेरापियो आला तेव्हा त्याची गाडीही तशीच.
जनावरांच्या लसी पोचवतो तो, बर्फाच्या पेटीतून;
पहाटे घाटमाथ्यावर हिमाचा चुरा,
दुपारी कारानावीत केळीच्या पानालाही घाम.
पेटीतलं गार राहायला हवं,
इंजिनातलं उकळायला नको,
आणि मधे बसणारा हा माणूस
दोन्हींचा हिशेब घेऊन माझ्या दारात.

"थर्मोस्टॅट काढून फेकून दे," तो म्हणाला,
"कोरोइकोच्या मेकॅनिकने तेच सांगितलं."
फेकला, तर माथ्यावर इंजिन कुडकुडत राहील,
तेल दाट, प्लग काळा,
आणि शिव्या तू मलाच घालशील.
टोपी काढून बस तिथे.

पाणी कुठंतरी मुरत होतं.
पाना बाजूला ठेवून आधी नुसती पाहात राहिले:
पंपाच्या खालच्या बारीक भोकातून
एक हिरवा थेंब, मग बराच वेळ काहीच नाही,
मग दुसरा.
सील गेलेलं. वरून भरलेलं विहिरीचं पाणी,
आत सगळीकडे पांढरा थर
किटलीच्या बुडाला धरतो तसा.

शिवाय रेडिएटर लहान पडत होता.
मोठा एक होता माझ्याकडे.
मागच्या भिंतीशी, निळ्या ताडपत्रीखाली,
इलारियोच्या गाडीला.
सहा वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता.
भाऊ गल्ल्यातले पैसे घेऊन कालामाला गेला, खाणीत,
तेव्हापासून या घरात त्याचं नाव
झाकण लावून ठेवलंय.

मी बोल्ट सोडवले. चौथा गंजलेला,
त्याने वेळ घेतला.
आईने दारातून पाहिलं. काही बोलली नाही.
आत गेली आणि एक जुनं भांडं घेऊन आली,
कान तुटलेलं,
थर्मोस्टॅट उकळून बघायला.

दोऱ्याला टांगून सोडला पाण्यात.
साठ. सत्तर. सेरापियोने श्वास धरलेला.
ब्याऐंशीला पितळेची चकती हलली,
पिल्लाने चोच उघडावी तशी, पुरती नाही, एवढीशी,
आणि ती उघडते न उघडते तोच
अख्खं भांडं खदखदलं.
चार अंश.
मोकळं होणं आणि उतू जाणं
यांत इथे एवढीच जागा.
बाकीची जागा झाकणाची स्प्रिंग देते:
कुकरसारखी पाण्याला दाबून धरते,
उकळणं पुढे ढकलत नेते.
म्हणून ते झाकण गरम असताना उघडायचं नाही, कधीच नाही.
हे मी सेरापियोला सांगत होते.
ऐकत आई होती.

रेडिएटरच्या वाकलेल्या जाळ्या सुईने एकेक सरळ केल्या;
ब्रॅकेट तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं;
पंख्याला हँडलवर वेगळं बटण, चढणीसाठी;
कूलंट अर्धं, अर्धं बॅटरीचं शुद्ध पाणी.
मग हवा काढणं. इथे घाई चालत नाही.
पुढचं चाक विटांवर, इंजिन धिमं,
होज मुठीत दाबायचा, सोडायचा,
धार काढताना हात चालतो तसा,
आणि वाट बघायची शेवटच्या बुडबुड्याची.
सगळं भरलं असं आपण ठरवून टाकतो,
तेव्हा तो कुठल्यातरी वळणातून
सावकाश वर येतो.

अंधार पडायच्या आत सेरापियो गेला.
गाडीचा आवाज कोपऱ्यापर्यंत गोल, भरलेला.
आई अंगणात ते भांडं घासत बसली,
ज्यात आता काहीच शिजवता येणार नव्हतं.
पाठमोरीच म्हणाली,
"बाकीची गाडी
एवढ्यात मोडू नकोस."