हात वर

बिर्झाई गावात जमीन अधूनमधून खचते.
खाली जिप्सम विरघळत असतं गुपचूप
आणि एखाद्या सकाळी बटाट्याच्या वाफ्यात
विहिरीएवढं भोक.
म्हणून इथली माणसं चालताना खाली बघतात.
ज्युगास तेवढा वर बघतो.

एकोणीस वर्षांचा. दोन मीटर सात.
बाप डेअरीत चीजच्या चकत्या उलटवतो.
आई म्हणते, दारं लहान पडतात त्याला,
घरातसुद्धा माफी मागत असल्यासारखा वाकून फिरतो.
रिंगखाली मात्र सरळ.

मी गुणांच्या टेबलावर बसते, अठ्ठावीस वर्षं झाली.
दोन पेन्सिली, खोडरबर, थर्मासमध्ये शहाजिऱ्याचा चहा.
शनिवारी क्लाइपेदाचा संघ आला होता.
बाहेर उणे अकरा,
आत एकच हीटर चालू, तोही पाहुण्यांच्या बाकामागे.

पहिल्या तीन क्वार्टरांत ज्युगासनं काय केलं
ते माझ्या वहीत नाही.
हात वर केले.
अंग काढून घेणारे करतात तसे नव्हेत,
खांद्यापासून बोटांपर्यंत ओळंब्यात,
छाती पुढे, पापणी न लववता.
त्यांचा गार्ड दोनदा आत घुसला
आणि दोनदा चेंडू घेऊन आल्या वाटेनं परत गेला.
एकदा तर चेंडू हातातून सुटणारच होता
आणि त्यानं विचार बदलला.
बदललेल्या विचाराला रकाना नसतो.

मग चौथ्यात, सहा मिनिटं चौदा सेकंद उरलेली,
ओसेई आला.
लंडनचा पोरगा, बोलायला मऊ, पायांत स्प्रिंगा.
आमचे चौघं मागे पडलेले.
पुढे मोकळी वाट
आणि वाटेत एकच जण, ज्याला बाजूला होता आलं असतं.
काय होणार ते सगळ्या हॉलला दिसत होतं.
त्यालाही.
त्याच्या मानेची शीर मला टेबलावरून दिसली.

तो उडाला.
ओसेई त्याच्यानंतर उडाला
आणि उडतच राहिला.
गुडघा बरगडीशी, कोपर कपाळावरून,
रिंग किंचाळली,
आणि दोन मीटर सात, पाठीवर,
घसरत गेले बिअरच्या जाहिरातीपर्यंत.

हॉल उठला. आमचाच हॉल.
खिशांतून फोन निघाले.
त्याचा बाप बसून राहिला,
मांडीवर टोपी, टोपीत दोन्ही हात.

मी लिहिलं: पाहुणे, अकरा नंबर, दोन गुण.
पेन्सिलीचं टोक मोडलं.

कुणी विचारलं नाही तरी सांगते.
त्र्याऐंशी साल, पानेवेझिस, मुलींची फायनल.
कौनासची एक धिप्पाड मुलगी अशीच अंगावर येत होती
आणि मी अर्धं पाऊल डावीकडे सरकले.
एवढंच.
आडवं गेल्यासारखा हात हलवला वरून.
कुणाला कळलं नाही. कोच म्हणाल्या, नशीब एकेकाचं.
फोटो नाही, कुणी हसलं नाही.
त्या अर्ध्या पावलावर मी अजून उभी आहे.

ओसेईनं हात पुढे केला. ज्युगासनं तो धरला, उठला,
चेंडू उचलून रेषेबाहेर गेला
आणि खेळ सुरू केला.
पुढच्याच फेरीत ओसेई पुन्हा आत वळला.
पुन्हा तेच दोन हात.
या वेळी शिट्टी.
फाऊल, ज्युगास, चौथा.
घ्या, याला मात्र रकाना होता.

एकोणीस गुणांनी हरलो.

सोमवारी शाळेमागे नवं भोक पडलं होतं,
पालिकेनं लाल फीत बांधलेली.
ज्युगास फितीवरून वाकून आत बघत होता,
अनोरकच्या खिशात ब्रेडचा तुकडा.
पोरं लांबून त्याच्या पडण्याची नक्कल करत होती,
एक तर फारच छान पडत होता.

दुखतंय का, मी विचारलं.
त्यानं बरगडी चाचपून पाहिली,
जणू आत्ताच आठवली.
"आधी उडालो मी," म्हणाला,
"अर्धा सेकंद."